वाढ मोजायची कशी? नडगीच्या हाडापासून रक्ताच्या थेंबापर्यंत



मागे एकदा आपल्या केंद्रावर एक आई आली होती. हातात लॅबचा रिपोर्ट. मुलगा आठ वर्षांचा, वर्गाच्या रांगेत कायम पहिला उभा राहणारा, म्हणजे सगळ्यात बुटका. शेजारणीने सांगितलं म्हणून तिने पदरचे पैसे घालून त्याचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्टवर ‘ग्रोथ हार्मोन’ या शब्दांपुढे जो आकडा होता, तो जवळजवळ शून्य. तो वाचून ती माउली दोन रात्री झोपली नव्हती.

आम्ही काही डॉक्टर नाही. आमच्यातल्या दोघी तिला घेऊन तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेल्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. अंगणवाडीचं कार्ड आहे का? शाळेत दर वर्षी उंची घेतात, ती वही मिळेल का?”

आम्ही चकित झालो. पैसे मोजून काढलेला रिपोर्ट बिनकामाचा आणि अंगणवाडीताईंनी पेनने टिपलेलं कार्ड कामाचं? असं का, हे शोधायला आम्ही वाचायला बसलो. हाती लागला शंभर वर्षांचा इतिहास. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. त्यात उंदीर आहेत, त्यांना रोज तोलणारी माणसं आहेत आणि आपल्याला ठाऊक असायला हव्यात अशा काही बायकाही आहेत. तोच आज तुम्हाला सांगणार आहोत.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला पियूषिका म्हटलंय, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. वाढीचं संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हार्मोन, तिथून रक्तात सुटतं. ही ग्रंथी बिघडली की माणूस राक्षसासारखा वाढतो किंवा ठेंगणा राहतो, एवढा अंदाज डॉक्टरांना शंभर वर्षांपूर्वीही होता. पण अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा. तो पुरावा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली गावच्या विद्यापीठात मिळाला. १९२१ साली हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क काढून तो उंदरांना रोज टोचला. ते उंदीर आपल्या भावंडांपेक्षा कितीतरी थोराड झाले.

हे उंदीर आपल्या कणगीत शिरणारे नव्हेत बरं का. इंग्रजीत मोठ्या उंदराला रॅट आणि छोट्याला माउस म्हणतात. हे होते रॅट. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या माद्या आणि बर्कलीतल्या ओढ्याकाठी पकडलेला एक रानटी नर यांच्यापासून या दोघांनी १९१५ च्या सुमारास ही जात तयार केली होती. डोकं काळं, अंग पांढरं. ‘लाँग-इव्हान्स’ नावाने ही जात आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहे.

आता प्रश्न आला मोजण्याचा. अर्कात संप्रेरक आहे हे कळलं, पण किती आहे? कमी की जास्त? तेव्हा संप्रेरक वेगळं काढता येत नव्हतं, डोळ्यांना दिसत नव्हतं, तराजूत पडत नव्हतं. मग उंदरालाच तराजू करायचं ठरलं. अर्क टोचायचा आणि वजन किती वाढतं ते बघायचं. यासाठी माद्या निवडल्या, त्यालाही कारण होतं. या उंदरांची मादी पाचसहा महिन्यांची झाली की तिची वाढ जवळजवळ थांबते. नर मात्र पुढेही हळूहळू वाढत राहतो. वाढ थांबलेल्या मादीचं वजन पुन्हा चढू लागलं, तर ते त्या अर्कामुळेच, असं खात्रीने म्हणता येतं. रोज सुई, रोज तराजू, असं कित्येक दिवस चालायचं.

पण वजन फसवं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अंगात पाणी साठलं तरी काटा वर जातो, मेद वाढला तरी जातो. वाढ खरी दिसते ती हाडात. याच काळात फिलिप स्मिथ या शास्त्रज्ञाने उंदराच्या गळ्याच्या बाजूने शस्त्रक्रिया करून मेंदूला धक्का न लावता पियूषिका काढून टाकण्याची पद्धत बसवली. ग्रंथी काढली की पिल्लाची वाढ तिथल्या तिथे थांबते. अशा पिल्लाला बाहेरून संप्रेरक दिलं, तर त्याचं हाड अगदी थोड्याशा मात्रेलाही दाद देतं.

यातूनच बर्कलीत १९४९ साली ‘टिबिया टेस्ट’ पक्की झाली. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. वाढत्या वयात या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड लांब होतं ते तिथून. संप्रेरक मिळालं की ही पट्टी रुंदावते. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांच्या माद्यांची ग्रंथी काढायची, दोनेक आठवडे थांबायचं, मग चार दिवस इंजेक्शनं द्यायची. पाचव्या दिवशी त्यांना मारून नडगी उभी चिरायची आणि सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. हाड काळपट होतं, कूर्चा पांढरी राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या पांढऱ्या पट्टीची रुंदी मोजायची. जितकी रुंद पट्टी, तितकं जास्त संप्रेरक.

हा शोधनिबंध चौघांच्या नावाने छापला गेला: ग्रीनस्पॅन, ली, सिम्पसन आणि इव्हान्स. यातले चोह हाओ ली चीनमधून शिकायला आलेले. गुरांच्या ग्रंथीतून हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढण्याचं काम त्यांनी आणि इव्हान्स यांनी १९४४ मध्ये केलं होतं. आणि सिम्पसन म्हणजे डॉ. मिरियम सिम्पसन. बर्कलीतल्या या कामात वर्षानुवर्षं राबलेल्या बाई. इतिहास सांगताना इव्हान्सचं नाव आधी येतं, लीचं येतं. निबंधांवर मिरियमबाईंचं नाव ठळक छापलेलं असूनही ते फारसं कुणाच्या तोंडी नाही. म्हणून आज आम्ही ते मुद्दाम घेतोय.

नडगीची ही तपासणी पुढे अनेक वर्षं वापरात राहिली. पण तिला एक मोठी मर्यादा होती. ग्रंथीच्या अर्कात संप्रेरक भरपूर असतं, रक्तात ते अगदी नाममात्र असतं. एक ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. एक मिलिलिटर रक्तात हे संप्रेरक असे काही मोजके नॅनोग्रॅम असतं. एवढ्याशाने नडगीची पट्टी हलत नाही. म्हणजे बाटलीतलं संप्रेरक मोजता येत होतं, पण जिवंत प्राण्याच्या रक्तात या घडीला ते किती आहे, हे सांगता येत नव्हतं.

ही अडचण सोडवली न्यूयॉर्कच्या एका बाईने. रोझलिन यालो. जन्म १९२१ चा, म्हणजे इव्हान्सने उंदीर मोठे करून दाखवले त्याच वर्षीचा. घरची परिस्थिती साधारण. मुलीला भौतिकशास्त्राची ओढ. पदवी उत्तम मिळाली, पण पुढच्या शिक्षणाला पैसा हवा आणि बाईमाणसाला शिकवण्याची नोकरी द्यायला विद्यापीठं राजी नव्हती. शेवटी एका प्राध्यापकाची टायपिस्ट म्हणून मागच्या दाराने विद्यापीठात शिरायचं, अशी तिची तयारी झाली होती. तेवढ्यात महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थी कमी पडू लागले आणि तिला इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली. तिथे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चारशे अध्यापकांमध्ये ती एकटी बाई होती.

१९४७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, माजी सैनिकांसाठीच्या सरकारी इस्पितळात काम करू लागली. तिची पहिली प्रयोगशाळा होती सफाई कामगाराचं सामान ठेवायची खोली. १९५० मध्ये डॉ. सॉलोमन बर्सन तिथे आले आणि पुढची बावीस वर्षं, बर्सन जाईपर्यंत, दोघांनी मिळून काम केलं. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार होतात हे त्यांनी दाखवलं. तेव्हाच्या जाणत्यांना ते पटेना. निबंध परत आला. यालोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं. १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हाच्या भाषणात त्यांनी ते पत्र जगाला दाखवलं!

या चिकटण्यातूनच त्यांना मोजण्याची युक्ती सुचली. तिचं नाव रेडिओइम्युनोअ‍ॅसे, सगळे आरआयए म्हणतात. ती आपण पंगतीवरून समजून घेऊ. समजा, पंगतीत पन्नास पाट मांडलेत. हिरव्या साडीतल्या पन्नास बायका आपण मोजून बोलावल्या आहेत. त्यांच्यात गावातल्या आणखी बायका येऊन मिसळल्या; त्या किती, ते माहीत नाही. पाट पन्नासच. ज्या आधी बसतील त्या बसतील, बाकीच्या बाहेर थांबतील. आता पाटावर हिरव्या साड्या किती, एवढंच मोजायचं. पन्नासच्या पन्नास हिरव्या दिसल्या, तर गावातलं कुणी आलेलंच नाही. पंचवीस दिसल्या, तर गावातल्याही साधारण तितक्याच आल्यात. हिरव्या जितक्या कमी, तितकी गावातली गर्दी जास्त.

पाट म्हणजे प्रतिपिंडं. हिरव्या साडीतल्या बायका म्हणजे किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेलं संप्रेरक. ते यंत्राने मोजता येतं. आणि गावातल्या बायका म्हणजे रक्तातलं संप्रेरक, जे आपल्याला मोजायचंय. इतकी साधी गोष्ट, पण तिने नॅनोग्रॅमच्याही खालचं मोजता येऊ लागलं. यालो आणि बर्सन यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. ती सगळ्यांसाठी खुली राहिली. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पुढे असे तपासणी संच देशातच बनवायला घेतले. थायरॉइडच्या ज्या टी-थ्री, टी-फोर तपासण्या आपल्यातल्या अनेकींनी केल्या आहेत, त्या देशातल्या कित्येक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं अशाच संचांनी होत होत्या.

माणसाच्या रक्तातलं ग्रोथ हार्मोन या पद्धतीने १९६३ मध्ये मोजलं गेलं. उंदरासाठी मात्र नवे पाट लागले. गुरांचं संप्रेरक उंदराला लागू पडतं, पण माणसाला पडत नाही. प्रत्येक प्राण्यात त्याची ठेवण थोडी वेगळी असते. माणसाच्या संप्रेरकासाठी मांडलेल्या पाटावर उंदराचं संप्रेरक नीट बसत नाही. म्हणून उंदराच्या ग्रंथींतून शुद्ध संप्रेरक काढून त्यासाठी वेगळी प्रतिपिंडं तयार करावी लागली. १९६६ मध्ये शाल्श आणि राइशलिन यांनी उंदराच्या रक्तातलं मोजमाप छापलं. नर-मादी, गाभण, पिल्लांना पाजणारी मादी, भूल दिलेला उंदीर, असे वेगवेगळे उंदीर त्यांनी तपासले होते.

आता सगळं सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. एकाच वयाचे, एकाच पिंजऱ्यातले, एकच खाणं खाणारे उंदीर. एकाच्या रक्तात शेकडो नॅनोग्रॅम, दुसऱ्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नाही! हात चुकला की पद्धत चुकली? त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उंदीर घाबरला की त्याचं हे संप्रेरक खाली जातं. माणसात ताणाने ते वाढतं, उंदरात कमी होतं. म्हणजे रक्त काढायला उंदराला पकडलं, की त्या पकडण्यानेच आकडा बदलायचा.

हे कोडं कॅनडातल्या माँट्रियलमध्ये सुटलं आणि इथेही एक बाई पुढे होत्या, ग्लोरिया टॅननबॉम. जोसेफ मार्टिन यांच्यासोबत त्यांनी १९७६ मध्ये आपलं काम छापलं. त्यांनी उंदराच्या शिरेत बारीक नळी आधीच बसवली, त्याला बरं व्हायला वेळ दिला, माणसाळवलं. मग तो आपल्या घरट्यात मोकळा फिरत असताना, त्याला हातही न लावता, दर पंधरा मिनिटांनी त्या नळीतून थोडं थोडं रक्त घेतलं. ते आकडे कागदावर ओळीने मांडल्यावर दिसली एक लाट. साधारण तीन तास वीस मिनिटांनी संप्रेरक उसळी मारून वर जायचं आणि मग इतकं खाली यायचं की मोजताही येऊ नये. पुन्हा वर, पुन्हा खाली.

म्हणजे आधीच्या आकड्यांत चूक नव्हती. एका उंदराचं रक्त लाटेच्या माथ्यावर घेतलं होतं, दुसऱ्याचं तळाशी. एक थेंब खरंच सांगत होता, पण फक्त त्या क्षणापुरतं.

मैत्रिणींनो, इथे आम्ही वाचता वाचता थबकलो. ही सुबक लाट नर उंदरांची होती. मादीचं काय? स्वीडनमधल्या स्टॅफन एडेन यांनी १९७९ मध्ये दोघांची तुलना छापली. मादीत उसळ्या लहान आणि वेळी-अवेळी येणाऱ्या, पण मधल्या काळात पातळी नराइतकी तळाला जात नाही. नराचं कधी भरती तर कधी कोरड, मादीची संथ धार. १९८१ मध्ये स्वीडनच्याच अग्नेता मोडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नर उंदराला हेच संप्रेरक संथ धारेने सतत देत राहिलं, तर त्याचं यकृत मादीच्या यकृतासारखं वागू लागतं. यकृत म्हणजे औषधं पचवून बाहेर टाकणारा कारखाना. उंदरांमध्ये नर आणि मादी काही औषधं वेगवेगळ्या वेगाने पचवतात, त्याचं एक मोठं कारण या लाटेच्या चालीत आहे. माणसात हा फरक उंदरांइतका मोठा नाही, पण अगदीच नाही असंही नाही.

आता मागे वळून बघा. तराजू म्हणून वापरायला मादी चालली, कारण तिची वाढ थांबते. पण शरीराचं चालतं कसं हे समजून घ्यायचं म्हटलं, की नर पुढे आला, कारण त्याची लाट सुबक, नियमित. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, तिचे आकडे गुंतागुंतीचे, म्हणून तिला बाजूला ठेवायची सवय अनेक शास्त्रांत पडली. मेंदूच्या संशोधनाचा हिशोब २०११ मध्ये छापला गेला, तेव्हा फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. २०१६ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने नियम केला की प्राण्यांवरच्या प्रयोगात नर-मादीचा विचार करा, नाहीतर का केला नाही ते सांगा. त्या प्रयोगांतून निघणाऱ्या गोळ्या आपणही गिळतो, मैत्रिणींनो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

छोट्या उंदराची, माउसची, अडचण आणखी वेगळी. त्याच्या अख्ख्या अंगात रक्त दीड-दोन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून कमी. त्यातून परत परत रक्त काढायचं कसं? २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या संशोधकांनी शेपटीच्या टोकातून दर दहा मिनिटांनी फक्त चार मायक्रोलिटर रक्त घेऊन, सहा तासांत छत्तीस वेळा मोजून दाखवलं. चार मायक्रोलिटर म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. इथे किरणोत्सारी खुणेची गरज पडली नाही. रंग बदलणाऱ्या विकरावर चालणारी एलायझा ही तपासणी वापरली.

आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “पण त्या मुक्या जिवांचं काय गं?” प्रश्न रास्त आहे. नडगीच्या तपासणीत प्रत्येक आकड्यामागे एक जीव गेला. पुढे मोजण्याची कला सुधारली, तसा तोच प्राणी जिवंत राहून अनेक आकडे देऊ लागला, म्हणजे प्राणी कमी लागू लागले. आणि घाबरलेल्या उंदराचा आकडा खोटा येतो, हे कळल्यावर त्याला शांत ठेवणं ही नुसती दया राहिली नाही, ती कामाची गरज झाली. मावशींचं यावर पूर्ण समाधान झालं नाही. आमचंही नाही. पण ज्यांच्या जिवावर हे कळलं, त्यांना विसरू नये एवढं आम्ही ठरवलं.

आता त्या आईकडे वळू. माणसातही हे संप्रेरक लाटांनी येतं आणि सगळ्यात मोठी लाट रात्री, गाढ झोप लागल्यावर थोड्याच वेळात येते. लेकराचं रक्त घेतलं होतं सकाळी. तेव्हा आकडा शून्याजवळ येणं अगदी स्वाभाविक. म्हणूनच डॉक्टरांना खरोखर शंका आली, तर ते आधी औषध देऊन संप्रेरकाला मुद्दाम उसळी मारायला लावतात आणि ठरावीक वेळाने अनेकदा रक्त घेतात. आणि त्याच्याही आधी ते वाढीची रेघ बघतात.

अंगणवाडीच्या कार्डावर आणि शाळेच्या वहीत त्या मुलाच्या उंचीचे ठिपके होते. डॉक्टरांनी ते तक्त्यावर मांडले. रेघ खालच्या बाजूला होती, पण कुठे वाकली नव्हती, थांबली नव्हती. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, नेमाने. बाप लहानपणी कसा होता, हेही त्यांनी विचारलं. “सहा महिन्यांनी परत या, पुन्हा उंची मोजू,” एवढं सांगून त्यांनी पाठवलं. त्या रात्री ती झोपली असावी.

तेव्हा मैत्रिणींनो, अंगणवाडीत वजन-उंचीचा दिवस असेल तेव्हा कंटाळा करू नका. कार्ड हरवू नका. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करत असाल, तर शेजारी तारीख लिहा. मुलाची रेघ आडवी झाली किंवा खाली वाकली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि कुणी नुसता एक आकडा दाखवून घाबरवलं, तर शांतपणे विचारा, हा कोणत्या वेळचा आणि याच्या आधीचा कुठाय?